तांबड्या भाताचं बी आणि दीर्घिकेची शेपटी

यंदा तांबड्या भाताचं बी मी उशिराच भिजत घातलं. घालावं की राहू द्यावं, या विचारातच निम्मा ज्येष्ठ गेला. माळ्यावरचा मुडा खाली काढायला कुणी मिळेना आणि माझे गुडघे आता शिडीला तयार नाहीत. शेवटी शेजारीण आली, पदर खोचून वर चढली आणि मुडा छातीशी धरून उतरली. मुडा म्हणजे काय, हे तुम्हा दोघा नातवंडांतल्या धाकट्याला आठवत नसेल. भाताच्या पेंढ्याचा घट्ट वळून सुंभाने बांधलेला गोल गठ्ठा, आणि त्याच्या पोटात पुढच्या हंगामाचं बी. सासूबाईंच्या वेळी माळा अशा मुड्यांनी भरलेला असे. आता एकच होता.

मिठाच्या पाण्यात बी टाकलं, वर तरंगलं ते पोचट म्हणून काढलं, बुडालं ते धुऊन ओल्या गोणपाटात बांधलं आणि त्यावर पाटा ठेवला. सगळं रीतीप्रमाणे केलं. मला रीत पाळायला आवडतं, हे तुम्हाला माझ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून माहीतच आहे.

मोड आले तर ठीक, नाही आले तर आमच्या घरातलं तांबडं भात संपलं. हे भात बाजारात मिळत नाही आणि गावातही आता कुणाकडे उरलेलं नाही. सगळे सुधारित बियाण्याच्या पिशव्या आणतात, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. तांबडं भात उंच वाढतं, वाऱ्यात लोळतं, दाणाही कमी देतं. पण तुमची आई बाळंतपणाला इथे आली, दोन्ही वेळा, तेव्हा मी तिला याच भाताची पेज घातली. तुमच्या अंगात पहिलं जे काही गेलं, ते आईच्या दुधावाटे या खाचरातून गेलं. एवढ्यासाठीच मला ते टिकायला हवं होतं.

गेल्या वर्षी खाचर पडीक राहिलं. कुणाशी भांडण झालं नाही की पाऊस चुकला नाही. हात नव्हते, एवढंच. मी पुण्याहून लग्न होऊन इथे आले तेव्हा मला इंग्रजी कविता पाठ होत्या आणि भात व तांदूळ यांतला फरक कळत नव्हता. तेव्हा इथे सावड होती. आज सगळ्यांनी तुमच्या खाचरात लावणी करायची, उद्या सगळ्यांनी आमच्या. पुढे मी तालुक्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले तरी सावडीच्या दिवशी रजा टाकून चिखलात उतरत असे. माझी ओळ वाकडी जायची आणि बायका हसायच्या. मग मोठा रस्ता झाला. कळंबच्या बाजूला रिसॉर्टं उभी राहिली, खोपोलीकडे कारखाने होतेच. शेजारणीचा मुलगा रिसॉर्टची गाडी चालवतो, सून कंपनीच्या बसने जाते. गावाची सावड कधी मोडली, हे विचाराल तर मला सांगता येणार नाही. एका वर्षी दोन घरं आली नाहीत, पुढच्या वर्षी आणखी काही, आणि मग कुणी कुणाला बोलवायचंच थांबलं.

आता थोरलीच्या कामाकडे येते. धाकट्या, तू मला फोनवर म्हणालास, "आजी, ताई नक्की काय करते ते मला तूच सांग, तिचं ऐकून मला झोप येते." मी हे माझ्या शब्दांत सांगते. चुकलं तर ताई दुरुस्त करेलच, तिला ती सवय माझ्याकडूनच आलेली आहे.

गेल्या हिवाळ्यात ती आली होती तेव्हा शेजारीण तिच्या खळ्यात भात उफणत होती. वारा पडला होता म्हणून तिने पंखा लावला होता आणि त्याच्यासमोर सूप उंच धरून भात खाली सोडत होती. जड दाणा सरळ पायाशी पडत होता, फोल आणि कोंडा उडून कुंपणापर्यंत जात होता. थोरली बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, मी हेच करते."

"तू उफणतेस?" मी विचारलं.

"नाही, उफणलेलं मोजते."

मग तिने आम्हाला दोघींना तिथेच समजावलं. आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका. तिच्यात तारे असतात, आणि ताऱ्यांच्या मधून थंड, विरळ वायू पसरलेला असतो. नवे तारे त्या वायूतूनच होतात. वायूचा ढग आपल्याच वजनाने आत दबत जातो आणि शेवटी पेटतो. म्हणजे तारे हे दीर्घिकेचं पीक, आणि वायू हे तिचं बी.

"ग्यास म्हंजी आपला शेगडीचाच काय गं?" शेजारणीने विचारलं.

"नाही गं मावशी. हा बहुतेक सगळा हायड्रोजन. याच्यावर चहा होणार नाही."

"मंग काय उपेग?" शेजारीण म्हणाली आणि पुन्हा सूप भरायला वाकली.

थोरली हसली, पण थांबली नाही. काही दीर्घिका एकट्या राहतात, काही मोठ्या समूहात. अशा समूहात शेकडो दीर्घिका एकमेकींच्या ओढीने बांधलेल्या असतात. त्यांच्या मधली जागा मोकळी दिसते, पण मोकळी नसते. तिथे फार विरळ आणि भयंकर तापलेला वायू भरलेला असतो. बाहेरची एखादी दीर्घिका समूहाच्या ओढीने आत पडायला लागली, की ती या तापलेल्या वायूतून वेगाने धावते. वायू जागेवरच असतो, पण धावणाऱ्याला तो वाऱ्यासारखा लागतो. वारा नसलेल्या दिवशी स्कूटरवरून जाताना तोंडावर वारा येतो, तसाच. त्या वाऱ्याने दीर्घिकेतला थंड वायू उडतो, कडेचा आधी आणि आतला नंतर. तारे मात्र जागेवर राहतात, कारण ते जड आणि घट्ट, दाण्यासारखे. वारा त्यांना ढिम्म हलवू शकत नाही.

"म्हणजे दाणा राहतो आणि कोंडा जातो, हे चांगलंच की," मी म्हणाले.

"इथेच उपमा उलटी होते आजी. तिथे जो उडून जातो तो कोंडा नसतो, बी असतं. जुने तारे चमकत राहतात, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. पण नवे तारे होणं थांबलेलं असतं. निळे तारे झगझगीत आणि अल्पायुषी, ते लवकर संपतात. मग उरतात लाल, दीर्घायुषी. दीर्घिका तांबूस दिसायला लागते. आम्ही तिला मेलेली म्हणतो."

"उजेड देणाऱ्याला मेलेलं म्हणता?" मी म्हणाले. मला ते बरं वाटलं नाही. माझं वय बघता कुणालाच बरं वाटलं नसतं.

आणखी एक गोष्ट तिने तेव्हाच सांगितली. आत पडताना, सगळा वायू जाण्याआधी, कधीकधी समोरच्या बाजूचा वायू वाऱ्याने दाबला जातो आणि तिथे एकदम पुष्कळ तारे पेटतात. काही काळ ती दीर्घिका पूर्वी कधी नव्हती इतकी उजळते. ते ऐकून मी कुंपणापलीकडे पाहिलं. रस्ता झाला त्या वर्षांत आमच्याकडे असंच झालं होतं. नवी घरं, नव्या मोटारसायकली, लग्नात डीजे, नाक्यावर तीन-तीन चहाच्या टपऱ्या. आता त्यातल्या बऱ्याच घरांना कुलपं आहेत. मी हे बोलून दाखवलं तर थोरली म्हणाली, "आजी, माणसं म्हणजे वायू नव्हेत. त्यांना कुणी उडवत नाही, ती स्वतःच्या पायांनी जातात." ती स्वतःही गेलेलीच आहे.

जाताना ती म्हणाली, "तांबडं भात सोडू नकोस हं. पुढच्या लावणीला मी येते." मी हो म्हटलं. म्हणून पुढे सहा महिने मी त्या एका मुड्यावर लक्ष ठेवून होते. उंदीर लागू नये म्हणून शेजारणीकडून मुड्यावर पत्र्याची टोपी घालून घेतली. वाळवी दिसते का ते खालून बॅटरीने बघत राहिले.

वैशाखात तिचा फोन आला. लावणीला येता येणार नव्हतं. तिची नेमणूक संपत होती, दुसरीकडे अर्ज करायचे होते, आणि बऱ्याच खटपटीने तिला दुर्बिणीची वेळ मिळाली होती, ती नेमकी आषाढातली. "चिडलीस?" तिने विचारलं. मी चिडले नव्हते. मला फक्त बसावंसं वाटलं, आणि मी बसले.

गोणपाट रोज शिंपडायचं, उबेसाठी वर पेंढा घालायचा, हे मी करत राहिले. पहिल्या दिवसांत मोड दिसत नाहीतच. शेजारीण कुंपणावरून विचारायची, "काय काकी, डोळे उघडले का पोरांनी?"

"झोपलीत अजून."

"तुमच्या शाळंतली दिसत्यात."

त्या रविवारी थोरलीशी बोलणं झालं. ती दमलेली होती. आवाजावरूनच मला कळतं. मी विचारलं, "सगळ्या दीर्घिका अशा वाऱ्यानेच मरतात का गं?" ती म्हणाली, नाही. दुसरा एक प्रकार असतो, तो हळू आणि दिसायला काहीच न होणारा. दीर्घिकेला बाहेरून थोडाथोडा ताजा वायू मिळत असतो, तिच्याभोवती विरळ पसरलेल्या साठ्यातून तो आत झिरपतो. समूहात शिरल्यावर तो बाहेरचा साठा नाहीसा होतो. आतला वायू कुणी हलवत नाही. ती तारे करत राहते, घरात आहे त्यावर संसार चालतो. मग एक दिवस कणगी रिकामी. "तेव्हा वाऱ्याने गेलेली आणि उपासाने गेलेली, या दोघी वेगळ्या ओळखायच्या, हेच आमचं काम," ती म्हणाली. "झाल्यावर दोघी सारख्याच दिसतात ना, म्हणून अवघड."

दुसऱ्या दिवशी मी पाटा बाजूला केला. गोणपाट उघडण्याआधीच वास आला. आंबूस, ओल्या भिंतीसारखा. मी दाणे परातीत पसरले, चष्मा पुसला, उन्हात नेले. दाणे फुगले होते आणि काळवंडले होते. एकाही दाण्याला मोड नव्हता. शेजारणीला हाक मारली. तिने एक दाणा नखाने सोलून बघितला, चिमटीत दाबला तर आतून पीठ झालं.

"गेलं काकी हे," ती म्हणाली.

"अख्खा पावसाळा काढला ना त्याने, जुनं झालं," मी म्हणाले.

"दोन पावसाळं आमच्या आजेसासूचं बी पन टिकायचं की. माळा तोच, मुडा तोच. उंदरानं बी तोंड लावलेलं नाय."

मी स्वयंपाकघरात येऊन माळ्याकडे बघत बसले. माळ्याखालच्या तुळया अजून काळ्या आहेत. सासूबाई होत्या तोवर खाली चूल पेटायची, सकाळ-संध्याकाळ. आम्ही त्या धुराला शिव्या द्यायचो, डोळे चोळायचो. तो धूर मुड्यात शिरून बी कोरडं ठेवत होता. त्या गेल्यानंतरही पाण्यासाठी म्हणून चूल होती. मग तीही मी बंद केली. तिच्या जागी शेगडी आली, स्वच्छ ओटा आला, टाइल्स आल्या. दरवर्षी ताजं बी येत होतं तोवर ते पावसाच्या तोंडावरच खाचरात जात होतं. खाचर पडीक राहिल्यावर माळ्यावरचा ओला पावसाळा त्याला काढवला नाही. मुडा जागचा हलला नव्हता. कुणी काही नेलं नव्हतं.

धूर होता म्हणून टिकत होतं, हे शेजारणीच्या ध्यानात आलं नव्हतं आणि माझ्याही नाही. तिच्याकडेही आता शेगडीच आहे.

मी थोरलीला कळवलं. ती म्हणाली, "आजी, कुठेच नाही का? कुणाला कधी दिलं नव्हतंस?"

"बी आपण विकत नाही," मी म्हणाले आणि बोलता बोलता थांबले. विकत नाही, पण देतो. आमच्याकडे लेक सासरी निघाली की ओटीत तांदळाबरोबर मूठभर भातही घालतात, न सडलेलं, सालासकट. तिथे जाऊन लाव, म्हणून. तुमच्या आईच्या ओटीतही मी घातलं होतं. ती मुंबईत चौथ्या मजल्यावर गेली आणि तिथून विमानाने. ते भात कुठे गेलं, मी कधी विचारलं नाही.

शेजारणीची लेक मात्र खालापूरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याच्या गावात दिलेली. तिची ओटी भरताना शेजारणीकडचं भात पाखरांनी खाल्लेलं होतं, म्हणून मूठ माझ्या मुड्यातून गेली होती. मी शेजारणीला विचारलं. तिने कपाळावर हात मारला.

"आगं बाई! लावलं असंल का पोरीनं? ती तर आळशी."

फोन करून विचारता आलं असतं. मला जाऊन बघायचं होतं. शेजारणीच्या मुलाने सुट्टीच्या दिवशी आम्हाला गाडीतून नेलं. आदल्या रात्री मी थोरलीला सांगितलं, तर ती उत्साहाने मला शेपटीची गोष्ट सांगायला लागली. ती विचारायची माझी कधीची राहिली होती. उडालेला वायू जातो कुठे? ती म्हणाली, बराचसा त्या तापलेल्या वायूत विरघळून जातो. पण काही दीर्घिकांच्या मागे तो लांब शेपटीसारखा लोंबतो, आणि त्या शेपटीत कुठेकुठे तो पुन्हा गोळा होतो, दबतो, आणि तिथे तारे पेटतात. दीर्घिकेच्या बाहेर. तिला जी वेळ मिळाली आहे, ती अशाच एका शेपटीसाठी. तिथे खरंच नवे तारे आहेत की नुसताच उजळलेला वायू, हे तिला बघायचं आहे.

"आणि ते तारे परत दीर्घिकेत येतात का?" मी विचारलं.

"थोडा वायू परत पडतो कधीकधी. तारे बहुतेक नाही."

"मग ते कुणाचे?"

"कुणाचेच नाहीत आजी. समूहाचे." मग ती म्हणाली, "असं नको ना विचारूस."

लेकीचं घर ओढ्याच्या वर आहे. ती माझ्या वर्गात होती. इंग्रजीत कायम काठावर पास. मला बघून तिने आधी डोक्यावर पदर घेतला, मग पाया पडली, आणि मग आईकडे वळून म्हणाली, "बाईंना आधी सांगून आणायचं तरी. घर बघ कसं हाय."

"घर बगाया नाय आलो. ओटीतलं भात कुटं हाय सांग."

"कुठलं?"

"तांबडं! लावलंस का खाल्लंस?"

लेक हसली. "दोन्ही केलं की!"

तिने आत जाऊन तेलाचा जुना पत्र्याचा डबा आणला. चुलीशेजारी ठेवलेला, वरून काजळलेला. तिच्या सासूला शेगडीवरची भाकरी चालत नाही, म्हणून त्या घरात अजून चूल आहे. डब्यात पेरून उरलेलं भात होतं. मी चार दाणे सोलले. दोन तांबडे निघाले, एक फिकट गुलाबी, एक पांढरा. शेजारच्या खाचरातल्या भाताशी मिसळ झालेली. आमचं भात होतं आणि नव्हतंही.

ओढ्याकाठी तिने एका कोपऱ्यात राब भाजून, म्हणजे जमिनीवर पालापाचोळा जाळून, ते पेरलं होतं. रोपं चार बोटं आली होती. बुडाशी किंचित जांभळट. खूप नव्हती, आमची चटई पसरावी तेवढीच जागा. "पोरीला पेज आवडते म्हणून लावते जराशी," लेक म्हणाली. "सासरे म्हणतात, जागा फुकट घालवतीस. मी म्हणते, माझ्या ओटीची हाय, तुमची नाय."

मग तिने डबा माझ्यापुढे ठेवला. "बाई, घेऊन जा बी. तुमचंच हाय."

शेजारीण लगेच म्हणाली, "घ्या काकी. रिकाम्या हातानं गेलात तर हिची सासू महिनाभर बोलंल."

मी हात पुढे केला नाही. मला थोरलीचा चेहरा आठवला, 'सोडू नकोस हं' म्हणतानाचा. डबा घेतला असता तर ती खूश झाली असती. पण मला माझं खाचरही दिसत होतं, गुडघाभर गवताचं, आणि टाइल्स लावलेलं स्वयंपाकघर, आणि वरचा ओला माळा. लावणार कोण? मी ते नेलं असतं, पुन्हा मुड्यात बांधलं असतं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा परातीत पसरून चष्मा पुसला असता. एकदा पुरे झालं होतं.

"तुझ्याकडेच राहू दे," मी म्हणाले. "फक्त तुझी मुलगी सासरी जाईल तेव्हा तिच्या ओटीत घाल."

"ती म्हणते, लगीनच करणार नाय. पोलिसात जायचंय तिला."

"मग पोलिसात जाताना घाल."

शेजारीण इतकी हसली की तिला ठसका लागला. लेकीने चुलीवर पेज टाकली, मीठ आणि लोणच्याची फोड घालून वाटी माझ्या हातात दिली. मी सावकाश प्यायले. चव तीच होती की मला तसं वाटलं, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. धुराचा वास मात्र होता.

थोरल्ये, तू चिडशील हे मला माहीत आहे. भात आहे, पण इथे नाही आणि इथे परत येणार नाही. पुढच्या लावणीला येते असं आता मला सांगू नकोस, तुझी शेपटी नीट बघ. धाकट्या, तुलाही तेच. सुट्टीत या, चार दिवस राहा, मडक्यात वालाच्या शेंगा भाजून पोपटी लावू. खाचर मी शेजारणीला वालासाठी दिलं आहे. वालाला लावणी लागत नाही, पाऊस सरल्यावर ओलीत टाकले की होतात, तेवढं तिला एकटीला जमतं.

घरी आलो तेव्हा परात ओट्यावर तशीच होती. ते काळं पडलेलं भात शेजारणीच्या अंगणात टाकलं. कोंबड्या धावत आल्या आणि क्षणात त्यांनी ते संपवलं. मुड्याचा पेंढा तिला गायीपुढे टाकायला सांगितला, सुंभ गुंडाळून खुंटीला अडकवलं, परात घासली, आणि जरा पडले.